ओढमापी

व्हिसाला दुसरा नकार आला त्या दिवशी अण्णांनी तो कागद घडी घालून एका अर्धवट तंबोऱ्याच्या भोपळ्यात टाकून दिला. पहिला नकारही तिथेच पडला होता. दोन्ही कागदांवर मजकूर एकच, आकडा तेवढा वेगळा. पहिल्यावर एकाहत्तर, दुसऱ्यावर अडुसष्ट. आकडा चाळीसच्या वर गेला की हा माणूस परत यायचा नाही असं वकिलातीतलं यंत्र धरून चालायचं, आणि यंत्राने एकदा धरलं की तिथल्या साहेबाला शिक्का मारण्यापलीकडे काही काम उरत नसे. दुसऱ्या कागदाच्या तळाशी मात्र एक जादा ओळ होती. तिसऱ्यांदा नकार मिळाल्यास अर्जदाराला पाच वर्षं अर्ज करता येणार नाही.

अण्णा म्हणजे दिनकर सुतार, वय त्रेसष्ट, मिरजेत तंबोरे बनवणारे. त्यांच्या गल्लीत वाद्यांची बरीच दुकानं आहेत, पण तंबोरा तयार झाला की जवारी काढायला बाकीचे कारागीरसुद्धा तो अण्णांकडे आणून देतात. जवारी म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे, कारण पुढे तिचं काम आहे. तंबोऱ्याच्या तारा ज्या लहानशा पाटावरून जातात ती घोडी. तिचा माथा कानशीने घासून असा उतरता करायचा, की छेडलेली तार त्या उतारावर अलगद घासत राहील. मग तारेखाली सुताचा एक दोरा सरकवायचा. तो केसभर पुढेमागे करता करता एका जागी तार एकदम बोलायला लागते. एका सुरातून अनेक सूर निघतात, खोली भरून जाते. ती जवारी. दोरा जरा हलला की सूर तोच, उंची तीच, पण तार मुकी. ती सुरात असते, पण तिच्यात कोणी नसतं.

अण्णांची एकुलती मुलगी रेवती लग्न होऊन परदेशात गेली त्याला अकरा वर्षं झाली होती. देशाचं नाव घेऊन काय करायचं. तोवर बहुतेक श्रीमंत देशांनी तेच यंत्र आणून बसवलं होतं. अण्णांची बायको मंदा चार वर्षांपूर्वी गेली. रेवतीची मुलगी जुई सहा वर्षांची, जन्मापासून ऐकू न येणारी. कानाच्या आतल्या पेशींत एक जनुक बिघडलेला होता. आता तिकडच्या डॉक्टरांनी तिच्या कानात चांगला जनुक सोडला होता. महिनाभर कान शांततेत जपायचे, आणि अठरा नोव्हेंबरला एका बंद खोलीत तिला पहिल्यांदा आवाज ऐकवायचा, असं ठरलं होतं. पहिला आवाज कोणता ते घरच्यांनी सांगायचं होतं, आणि जुईने हातवारे करून ते केव्हाच सांगून टाकलं होतं. तिला आजोबांचा तंबोरा हवा होता. मोबाईलमधला नको, हात लावता येईल असा.

तीन आठवडे जायचं, वाजवायचं, परत यायचं, एवढंच अण्णांच्या मनात होतं. तिकडच्या कोरड्या थंडीत लाकूड तडकतं, तिथे माणूस कशाला राहील, असं ते मुनीरभाईंना म्हणायचेही. मुनीरभाई शेजारच्या दुकानात सतारी करायचे. पण हे सगळं बोलणं झालं, आणि यंत्र बोलण्याला विचारत नसे.

वकिलातीच्या कागदांत त्या यंत्राला लांबलचक नाव होतं. लोक त्याला ओढमापी म्हणत. पूर्वी खोटं पकडणारी यंत्रं होती, त्यांना माणसं फसवायची, कारण खोटं बोलायचा सराव करता येतो. ओढमापी खरंखोटं बघतच नसे. मुलाखत चालू असताना ती मधूनमधून अर्जदाराच्या फायलीतले फोटो समोर आणी. घर, दुकान, मुलगी, नात. ते बघताना डोळ्यातली बाहुली किती पसरली, गालाच्या कातडीखाली रक्त किती धावलं, आवाजात कानाला न कळणारी थरथर किती आली, हे कॅमेरे टिपत. त्यावरून हे शरीर इकडे किती झुकतं आणि तिकडे किती याचं माप निघे, आणि सगळ्या मुलाखतीची सरासरी काढून शेवटी एक आकडा येई. लाखो प्रवाशांची मापं, आणि त्यांतले कोण परतले, कोण राहून गेले, हे सगळं यंत्राच्या पोटात होतं. परत येणार का, हे माणसाला विचारायचंच नाही, त्याच्या रक्ताला विचारायचं. आणि रक्ताला काही इस्त्रीचा सदरा घालता येत नाही.

अण्णांचं रक्त दोन्ही वेळा जुईच्या फोटोकडे धावलं होतं. इकडे त्यांचं होतं काय? दुकान, कानशी, मंदाचा फोटो. माया होती ती सगळी तिकडे. मनाने इमानदार असून उपयोग नव्हता, कारण ओढ मोजायची सोय झाली होती आणि इमान मोजायची अजून झाली नव्हती.

दुसऱ्या नकारापासून अण्णा घाबरले. साधेसुधे नाहीत, चांगलेच. पोस्टमन गल्लीत शिरला की ते दुकानात आत जाऊन बसत. अजून एकदा बोलावणं येणार होतं, अजून एकदा जुईचा फोटो समोर येणार होता, आणि तो बघून आपल्याला आनंद होणार, याचीच त्यांना धास्ती बसली होती. शेवटी मुनीरभाईंनीच सांगलीतल्या एका क्लासचा पत्ता दिला. त्यांचा साडू तिथे जाऊन आला होता आणि त्याचा आकडा एकदम बावीसवर आला होता. साडू आता कसा आहे, असं अण्णांनी विचारलं. बरा आहे, म्हणाले मुनीरभाई, आणि तारा मोजायला लागले.

क्लास विश्रामबागेत एका दातांच्या दवाखान्याच्या वर होता. बाहेर फक्त 'प्रवासपूर्व मार्गदर्शन' अशी पाटी. आत आठदहा माणसं खुर्च्यांवर गप्प बसलेली. अण्णांच्या शेजारी पन्नाशीची एक बाई मोबाईलवर एका तरुण मुलाचे फोटो एकेक करून सरकवत होती. एसटीचं वेळापत्रक बघावं तशी बघत होती. तिचा मुलगा असावा, कारण नाक अगदी तेच होतं. अण्णांना उठून जावंसं वाटलं, पण तेवढ्यात त्यांचं नाव पुकारलं.

क्लास चालवणाऱ्या पाटणकर मॅडम आधी कॉलेजात मानसशास्त्र शिकवायच्या. बाई शांत, नीटनेटकी, आणि काही लपवून ठेवणारी नव्हती. त्यांनी अण्णांना चहा दिला आणि तुम्ही लाखेचं काम करता ना, असं विचारलं. भोपळ्यावरचे ओरखडे भरायला लाख लागतेच. मॅडम म्हणाल्या, मग तुम्हाला लगेच समजेल. आठवण कपाटात ठेवलेल्या कागदासारखी नसते, लाखेसारखी असते. आठवली की ऊब लागून मऊ होते, आणि चारपाच तासांत पुन्हा घट्ट बसते. प्रत्येक वेळी ती नव्याने बसते. ती मऊ असताना ही गोळी रक्तात असली, तर आठवण बसते, पण तिच्यातली धडधड बाहेर राहून जाते. नाव, तारीख, कोण काय बोललं, सगळं जागच्या जागी राहतं. आतून काही हलत नाही, एवढंच. मोठ्या अपघातातून वाचलेल्यांना रात्री झोप यावी म्हणून दवाखान्यांत ही गोळी पहिल्यांदा आली. वाईट आठवण आणि चांगली आठवण यांत गोळी फरक करत नाही, हे नंतर लोकांच्या लक्षात आलं.

गेलेलं परत येतं का, अण्णांनी विचारलं.

"एकदोघांचं आलं असं ऐकते," मॅडम म्हणाल्या. "मी स्वतः पाहिलेलं नाही. तुम्हाला खोटं सांगणार नाही."

अण्णांनी कप खाली ठेवला. मग त्यांनी चाचरत विचारलं, की माया गेल्यावर मी तिकडे जाऊन करू काय?

"माया नसलेली माणसं सुखाने जाऊन येतात, अण्णा. त्यांना कोणी अडवत नाही. अडतात ती तुमच्यासारखी." मॅडमनी कागद पुढे केला. "अठरा तारखेला तुम्ही तिथे असायला हवं की नको, ते तुम्ही ठरवा. मी फक्त दार उघडून देते."

अण्णांनी सही केली.

आठ दिवसांचं काम होतं. रोज सकाळी गोळी घ्यायची, तासाभराने डोळे मिटायचे आणि रेवतीची किंवा जुईची एक आठवण अगदी बारीकसारीक तपशिलांसकट मॅडमना सांगायची. पहिल्या दिवशी अण्णांनी रेवतीच्या लहानपणची सांगितली. सात वर्षांची रेवती गालगुंड झाल्याने शाळेत गेली नव्हती. गळ्याला मंदाचा मफलर गुंडाळून ती दुकानात अण्णांच्या बाकड्याखाली बसून होती. अण्णा वर दोरा सरकवत होते, आणि बाकड्याखालून एकदम तिचा आवाज आला, "अण्णा, आला." अगदी त्याच क्षणी जवारी उघडली होती. त्यानंतर कित्येक वर्षं ती बाकड्याखाली बसायची आणि अण्णांच्या आधी तिला कळायचं. ही गोष्ट सांगताना अण्णा हुंदके देऊन रडले. मॅडमनी त्यांना रडू दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वाकून बाकड्याखाली पाहिलं. मफलर आठवला, त्याचा रंग आठवला, "अण्णा, आला" हेही आठवलं. मुनीरभाईंच्या मुलीबद्दल कोणीतरी सांगितलं असावं, तसं.

असे दिवस गेले. रेवती निघाली तेव्हा विमानतळावर पिशवीतून काढून घेतलेली लोणच्याची बरणी गेली. जुईचा पहिला फोटो गेला, मंदाने तो देव्हाऱ्यासमोर नेऊन धरला होता तेही गेलं. जुईला ऐकू येत नाही असं कळलं त्या दिवशी अण्णांनी दुकान बंद ठेवलं होतं, तो दिवस गेला. रोज थोडं हलकं वाटायचं, आणि हलकं वाटतंय म्हणून जास्तच भीती वाटायची. भीती मात्र गोळीने जात नव्हती.

एक आठवण अण्णांनी मॅडमना सांगितली नाही. दोन वर्षांपूर्वी रेवती माहेरी आली होती, तेव्हाच्या एका दुपारची होती ती. तिथवर मन गेलं की अण्णा तिथूनच ते माघारी वळवत. कुठल्या कपाटात ठेवली आहे ते माहीत होतं, आणि कपाटाला हात लावायचा नाही हेही पक्कं होतं. एवढी एक राहिली तरी पुरे, असा हिशेब त्यांनी मनाशी केला होता.

त्या आठ दिवसांत चेहरा दिसेल असे फोन घ्यायचे नव्हते. अण्णांनी रेवतीला मोबाईलचा कॅमेरा बिघडला म्हणून कळवलं. सहाव्या दिवशी तिचा नुसता आवाजाचा फोन आला. कानांवरची पट्टी जुई ओढून काढते, डॉक्टर रागावले, नवरा परिमल कामासाठी बाहेरगावी, आणि तुमचं काय होतंय अण्णा, असं सांगता सांगता रेवती रडायला लागली. अण्णा ऐकत होते. आवाज तिचाच होता. चढउतार तिचे, दम घेण्याची जागा तिची. सगळं सुरात होतं, पण आवाज मुका होता. घोडीवरचा दोरा कोणीतरी सरकवल्यासारखा.

फोन ठेवल्यावर अण्णा तसेच दुकानात गेले आणि त्यांनी समोरचा तंबोरा छेडला. जवारी लख्ख उघडली. कान शाबूत होते. म्हणजे बिघाड कानात नव्हता. अण्णा घाम पुसत बाकड्यावर बसले. सगळं सोडून द्यावं असं त्यांच्या मनात आलं. पण गेलेलं गेलंच होतं, आता सोडलं असतं तर मायाही नाही आणि जाणंही नाही, असं झालं असतं.

शेवटच्या दिवशी मॅडमनी त्यांची फाइल स्वतः तपासली. कागद जितके कमी तितके प्रश्न कमी, असं त्यांनी अण्णांना बजावलं. मुलाखतीच्या दोन तास आधी घ्यायची एक गोळी त्यांनी वेगळ्या पुडीत बांधून दिली. त्या दिवशी मन सैरावैरा पळतं, म्हणून ती घ्यायची.

"एक लक्षात ठेवा," त्या म्हणाल्या. "ती गोळी अंगात असताना जे मनापासून आठवाल, तेही जाईल. विचारतील तेवढंच बोला." मग त्यांनी अण्णांकडे नीट पाहिलं. "काही राखून ठेवलं असेल, तर त्याच्या आसपासही फिरकू नका."

अण्णा घरी आले, कपडे भरले, आणि मग त्यांच्या हातून ती चूक झाली. मिरजेतून परदेशी तंबोरा जायचा तर त्याबरोबर एक कागद जातोच. भोपळा हे वेलीचं फळ, त्याला कीड नाही, लाकूड अमुक, लांबी तमुक, असं सगळं त्यात लिहिलेलं असतं. नाहीतर तिकडच्या विमानतळावर वाद्य अडकून पडतं. असे कितीतरी कागद अण्णांनी आजवर भरले होते. तंबोरा न्यायचा म्हणजे कागद भरायचा, हे हाताला इतकं सवयीचं होतं की मॅडमचा शब्द आठवलासुद्धा नाही. त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं: तंबोरा, नग एक, भोपळा मंगळवेढ्याचा. 'कोणासाठी' या रकान्यात लिहिलं: नात जुई, वय सहा. आणि कागद फायलीत सगळ्यात वर लावून टाकला.

अण्णा मुंबईत वकिलातीत पोचले. गोळी घेऊन दोन तास होत आले होते. काचेपलीकडे एक तरुण साहेब आणि त्याच्या बाजूला मराठी बोलणारी दुभाषी बाई बसलेली. अर्जदाराला त्याचं माप दिसलं पाहिजे असा नियम झाल्यामुळे काचेवर एक आडवी पट्टी उजळत होती. डावीकडे 'इकडे', उजवीकडे 'तिकडे', आणि चाळीसवर एक लाल रेघ.

साहेबाने दुकानाबद्दल विचारलं. अण्णांनी सांगितलं. घराबद्दल विचारलं, सांगितलं. पडद्यावर रेवतीचा फोटो आला. पट्टी नऊवर होती, नऊवरच राहिली. मग जुईचा आला, दोन वेण्या, पुढचे दात पडलेले. पट्टी अकरावर गेली आणि थांबली. अण्णांची भीती कॅमेऱ्यांना दिसत असणार, पण त्याचं यंत्राला काही नव्हतं. घाबरलेले सगळेच येतात, आणि भीतीला इकडेतिकडे नसतं. अण्णा त्या अकराच्या आकड्याकडे बघत होते. एखाद्याने आपल्याच अंगावरची जखम बघावी आणि दुखत नाही म्हणून हबकावं, तसे ते हबकले होते.

साहेबाने फाइल मिटायला घेतली. मग त्याला वरचा कागद दिसला.

त्याने तो दोनदा वाचला आणि दुभाषी बाईला काहीतरी म्हणाला. बाईंनी विचारलं, की हे वाद्य तुमच्या नातीसाठी असं लिहिलंय. नातीला अजून ऐकू येत नाही, उपचार चालू आहेत, असंही अर्जात लिहिलंय. मग तुम्ही हे तिकडे विकायला नेताय का, की वाजवून कमवायचा विचार आहे?

"भेट म्हणून," अण्णा म्हणाले.

पट्टी थरथरली. साहेबाने पेन खाली ठेवलं आणि पुढे विचारलं. जन्मात कधी आवाज न ऐकलेल्या मुलीला वाद्यच भेट द्यायचं कसं सुचलं?

अण्णांच्या आत कपाटाचं दार वाजत होतं. त्यांनी मन दुसरीकडे वळवलं, तुणीचं लाकूड किती दिवस वाळवतात, खुंट्या कुठल्या लाकडाच्या, तारा कुठून येतात. दुभाषी बाई काचेजवळ वाकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "काका, सविस्तर सांगा. हेतू जुळत नाही असं त्यांचं म्हणणं आहे. तेवढ्यावर नकार देता येतो त्यांना."

अण्णा उभ्या आयुष्यात इतके कधी घाबरले नव्हते. सांगितलं तर आठवण मऊ होणार, आणि गोळी तर रक्तात फिरत होती. सांगताना पट्टी लाल रेघेच्या पार गेली तर आठवण जाऊन वर नकारही मिळणार. नाही सांगितलं तर पाच वर्षं. पाच वर्षांनी जुई अकराची होईल. अठरा तारखेला त्या बंद खोलीत दुसरा कोणीतरी घंटा नाहीतर खुळखुळा वाजवेल. जुई मात्र दाराकडे बघत बसेल, कारण तिला शब्द दिलेला आहे. ज्याने सही केली होती तो हात अण्णांनी काचेच्या कडेवर टेकवला. आठवण माझी आहे, त्यांच्या मनात आलं, आवाज तिचा आहे.

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली.

मे महिन्यातली दुपार होती, रेवती आत झोपली होती. मी दुकानात खर्जाची तार लावत होतो. खर्ज म्हणजे सगळ्यात खालचा, जाड सूर. जुई चार वर्षांची होती. अनवाणी आली, काय चाललंय ते बघितलं, आणि दोन्ही तळवे भोपळ्यावर ठेवले. मी तार छेडली. तिने हात मागे घेतले, पुन्हा ठेवले. मग गाल टेकला. मग काय तिच्या मनात आलं, भोपळ्याची कडाच दातांत धरली. मी परत छेडली. साहेब, तिचे डोळे एवढे मोठे झाले. सूर विरून जाईपर्यंत ती हलली नाही. दातांतून, हाडांतून तिला काहीतरी पोचलं होतं. मग तिने माझा हात धरला, स्वतःच्या छातीवर नेला आणि दोनदा थोपटला. म्हणजे पुन्हा. मी पुन्हा छेडली. तिने पुन्हा थोपटलं. चहाची वेळ होऊन गेली तरी आम्ही दोघं तिथेच, ती एकच तार. तेव्हापासून फोनवर दिसली की ती छातीवर दोनदा थोपटते आणि मी वाजवतो. तिच्या दातांच्या खुणा त्या भोपळ्यावर आहेत. तो तंबोरा मी अजून एकाही गिऱ्हाइकाला दाखवलेला नाही. तोच न्यायचाय.

बोलता बोलता अण्णांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पट्टी सरकत होती. वीस झाले, एकतीस झाले, मग लाल रेघ ओलांडून पट्टी पार पुढे, सत्तरच्या घरात गेली. साहेब पट्टीकडे बघत राहिला. दुभाषी बाईंना शेवटचं वाक्य दोनदा सुरू करावं लागलं.

मग यंत्राने सरासरी काढली. बाकी सगळी मुलाखत इतकी कोरडी होती, की एका आठवणीच्या भाराने आकडा फार चढला नाही. चोवीस आले. साहेबाने शिक्का मारला आणि मुलीला शुभेच्छा सांगा असं काहीसं म्हणाला. अण्णांना ते नीट ऐकू आलं नाही. ते घड्याळाकडे बघत होते. चारपाच तास, मॅडम म्हणाल्या होत्या.

परतीच्या बसमध्ये अण्णांनी ती दुपार घट्ट धरून ठेवली. जुईचे तळवे, गाल, दात, पुन्हा पहिल्यापासून. विसरायचं नाही, विसरायचं नाही. आणि खरंच, ते काहीच विसरले नाहीत. पुणं मागे पडलं तेव्हाही सगळं जागच्या जागी होतं. साताऱ्याच्या पुढे कुठेतरी त्यांच्या लक्षात आलं, की आपण एका मुलीने भोपळा चावला त्याबद्दल विचार करतोय.

पासपोर्ट आठ दिवसांत घरी आला. अण्णांनी तंबोरा पेटीत भरायला काढला, प्रकाशात फिरवून पाहिला आणि भोपळ्याच्या कडेला चार बारीक खाचा दिसल्या. कशाच्या, ते त्यांना माहीत होतं. पण कारागिराच्या डोळ्याला तो माल खराब दिसत होता. असा कसा पाठवायचा, असं म्हणून त्यांनी स्पिरिटचा दिवा पेटवला आणि खाचा भरायला लाखेची कांडी ज्योतीवर धरली.

तेवढ्यात फोन आला. आता चेहरा दाखवायला हरकत नव्हती. अण्णांनी कांडी दिव्याच्या कडेला ठेवली आणि फोन भिंतीला टेकून उभा केला. रेवती पडद्यावर आली, हसत होती, तिकिटाचं विचारत होती, गरम कपडे किती आणायचे ते सांगत होती. अण्णांनी सगळ्याची नीट उत्तरं दिली. हो बाळा, म्हणाले. आनंद झाला, असंही म्हणाले.

रेवतीचं हसणं हळूहळू थांबलं. बाकड्याखाली बसून जिला अण्णांच्या आधी कळायचं, ती मुलगी होती ती.

"अण्णा," ती म्हणाली, "परत बोला बरं काहीतरी."

"काय बोलू? येतोय मी सोळाला."

"तुमच्या आवाजाला जवारी नाही." तिचा चेहरा पांढरा पडला. "अण्णा, तुम्ही काय केलंत?"

तिने ओळखलं याची अण्णांना भीती वाटली, आणि तिचा चेहरा बघून पोटात तुटलं नाही याची त्याहून जास्त वाटली. सांगू की नको असं त्यांचं चाललं असतानाच आईच्या हाताखालून जुई पडद्यात घुसली. कानांवर पांढरी पट्टी. तिने अण्णांकडे पाहिलं आणि छातीवर दोनदा थोपटलं.

अण्णा तिच्याकडे नुसते बघत होते. छान मुलगी आहे, एवढंच त्यांच्या मनात आलं. आणि मग त्यांना दिसलं की आपला उजवा हात उचलला गेलाय. त्यांनी उचलला नव्हता. हात आपला आपण तंबोऱ्याकडे गेला, बोट खर्जाच्या तारेवर आलं आणि तार छेडली गेली. हाताची शिकवण डोक्यात वेगळ्याच जागी राहत असावी. मॅडमनी त्याबद्दल काही सांगितलं नव्हतं, आणि अण्णांनीही विचारलं नव्हतं. दुसऱ्या कोणाचा तरी हात बघावा तसे ते त्या हाताकडे बघत राहिले. त्यांच्या अंगावर काटा आला.

जुईने पुन्हा दोनदा थोपटलं. हाताने पुन्हा तार छेडली.

पलीकडे रेवती तोंडावर हात धरून रडत होती. जुईला ते दिसत नव्हतं, ती तारेकडे बघत होती, आणि तिला अजून हवं होतं. अण्णांनी हात थांबवला नाही. भीती होती तशीच होती. पण अठरा तारखेला कोणीतरी तिथे जाऊन बसायला पाहिजे होतं, आणि हा हात तरी जाण्यासारखा होता.

फोन बंद झाला तेव्हा दिवा विझून गेला होता आणि मऊ झालेली लाख पुन्हा घट्ट झाली होती. अण्णांनी ती कांडी उचलून डब्यात ठेवली, आणि तंबोरा होता तसाच पेटीत भरला.